पट कुणी मांडला?

मे महिना, दुपारची जेवणं उरकून झोपलेली मोठी माणसं, आणि पंख्याखाली मांडलेला व्यापाराचा डाव.. (पंख्याने नोटा उडायच्या म्हणून प्रत्येकाच्या गठ्ठ्यावर एकेक पेला.) माझ्या पिढीतल्या बहुतेकांना हे चित्र ओळखीचं वाटेल. त्या डावाबद्दल एक गोष्ट सांगायची बरीच वर्षं राहिली आहे. ती आज सांगणार आहे, पण जरा लांबून यावं लागेल.

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या वाचनालयात मुलांसाठी पाच दिवसांचं शिबिर घेतलं. विषय होता 'खेळ बनवूया'. मुलं मोबाईलवरचे खेळ समजून धावत आली आणि पुठ्ठे, कात्र्या, डिंक, बटणं नि चिंचोके बघून हिरमुसली. पण आलेली बाराच्या बारा शेवटपर्यंत टिकली, हेही सांगायला हवं :-)

पद्धत साधी होती. पहिल्या दिवशी माहितीतला एक खेळ खेळायचा. दुसऱ्या दिवशी त्यातला फक्त एक नियम बदलून पुन्हा खेळायचा. एकच, कारण दोन बदलले की मजा कशामुळे वाढली किंवा गेली तेच कळत नाही. मग गटागटाने आपला खेळ करायचा, नियम कागदावर लिहायचे, दुसऱ्या गटाला द्यायचे, आणि ते खेळत असताना आपण तोंड मिटून बसायचं. हे शेवटचं सगळ्यात कठीण. "अरे तसं नाही!" असं ओरडावंसं वाटलं की समजायचं, नियम लिहिताना आपलंच काहीतरी राहिलंय.

माहितीतला खेळ म्हणून मी व्यापार नेला होता. तासाभरात एका मुलीचं दिवाळं निघालं.

"काका, आता मी काय करू?"

"आता तू बाद. बाकीच्यांचं बघ."

"नुसतं बघत बसू? असा नियम कुणी केला?"

मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं तो डाव खेळलो, पण हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. घरी येऊन वाचत बसलो आणि रात्रीचे दोन वाजले.

व्यापार हे मोनोपॉलीचं आपल्याकडचं रूप. आणि मोनोपॉलीची जन्मकथा वर्षानुवर्षं अशी सांगितली जायची: अमेरिकेत मंदीच्या काळात चार्ल्स डॅरो नावाच्या एका माणसाची नोकरी गेली, त्याने घरी बसून हा खेळ शोधला, १९३५ साली तो पार्कर ब्रदर्स कंपनीला विकला आणि तो लक्षाधीश झाला. गरिबाचं नशीब फळफळलं वगैरे. छान आहे गोष्ट. फक्त खेळ शोधण्याचा भाग खरा नाही.

खरी सुरुवात तीस वर्षं आधीची, लिझी मॅगी नावाच्या बाईपासून. ती स्टेनोग्राफर होती. टाईपरायटरमध्ये कागद सहज सरकावा म्हणून तिने एक युक्ती काढली होती आणि १८९३ साली तिचं पेटंटही घेतलं होतं. तिच्यावर हेन्री जॉर्ज या अर्थतज्ज्ञाचा मोठा प्रभाव होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जमीन काही कुणी माणसाने निर्माण केलेली नाही, तेव्हा नुसत्या जमिनीच्या मालकीतून जे उत्पन्न मिळतं ते समाजाचं. कर लावायचा तर त्यावर लावा.

आता हे लोकांना पटवायचं कसं? भाषणं ऐकतं कोण? लिझीने खेळ बनवला. नाव 'लँडलॉर्ड्स गेम', म्हणजे जमीनदाराचा खेळ. १९०४ च्या जानेवारीत तिला त्याचं पेटंट मिळालं. अमेरिकेत बायकांना सरसकट मताचा अधिकार मिळायला अजून सोळा वर्षं होती, हे लक्षात घ्या. चौकोनी पट, चारही कडांनी घरं, भाडं, रेल्वे, कोपऱ्यात तुरुंग. आपल्या ओळखीचं सगळं त्यात आहे.

पण खरी गंमत पुढेच. तिने दोन प्रकारचे नियम दिले. एका प्रकारात एकजण सगळ्यांना नागवून जिंकतो. दुसऱ्या प्रकारात जमिनीचं भाडं सार्वजनिक खजिन्यात जातं आणि त्याचा फायदा सगळ्यांना होतो. पुढच्या एका आवृत्तीत तर सगळ्यात कमी पैसे घेऊन सुरुवात करणाऱ्याची रक्कम दुप्पट झाली की डाव संपतो, आणि जिंकतात सगळेच. पट तोच, भिडू तेच, फासेही तेच. नियम बदलला की माणसं वेगळी वागतात, हे खेळणाऱ्याने स्वतः अनुभवावं, असा तिचा हेतू होता.

हे वाचताना मला आपला 'लिंबूटिंबू' आठवला. धावता न येणाऱ्या धाकट्या भावंडाला खेळात तर घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही. कुठल्यातरी अंगणात कुणा मुलांनीच तो केला असणार, आणि त्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत.

लिझीच्या खेळाचंही काहीसं असंच झालं. डेलावेअरमध्ये आर्डन नावाचं गाव आहे, १९०० साली हेन्री जॉर्जच्या विचारांवर वसवलेलं. तिथे तो खेळ रुजला. तिथे राहणारे स्कॉट नीअरिंग हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमध्ये अर्थशास्त्र शिकवत. त्यांनी तो विद्यार्थ्यांपर्यंत नेला. खेळणारे आपापले पट हाताने बनवायचे आणि घरांना आपल्या शहरातल्या रस्त्यांची नावं द्यायचे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचं हे आमचं शिबिरच की! असा हातोहात फिरत तो अटलांटिक सिटीतल्या क्वेकर मंडळींकडे पोचला. त्यांनी आपल्या गावचे रस्ते त्यावर घातले. तिथून फिलाडेल्फियातल्या चार्ल्स टॉड यांच्याकडे आला, आणि टॉड यांनी तो डॅरोला शिकवला. वर नियमही लिहून दिले.

डॅरोने पट उचलला तो टॉड यांच्या चुकीसकट. अटलांटिक सिटीजवळ 'मार्व्हेन गार्डन्स' नावाची वस्ती आहे. मार्गेट आणि व्हेंटनॉर या दोन गावांच्या सीमेवरची, म्हणून दोघांच्या नावांचे तुकडे जोडून झालेलं नाव. टॉड यांच्या हातून ते पटावर 'मार्व्हिन' असं पडलं होतं. डॅरोने तेच ठेवलं आणि लाखो खोक्यांवर तेच छापलं गेलं. १९९५ साली कंपनीने तिथल्या रहिवाशांची माफी मागितली.

लिझीचं पेटंट पार्कर ब्रदर्सने १९३५ साली ५०० डॉलरला विकत घेतलं. रॉयल्टी नाही. हे सगळं जगापुढे आलं ते राल्फ ॲन्सपॅक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकामुळे. त्यांनी 'अँटी-मोनोपॉली' नावाचा खेळ काढला, १९७४ मध्ये तो वाद कोर्टात गेला आणि १९८३ पर्यंत चालला. त्या लढाईसाठी पुरावे शोधताना त्यांना लिझीची जुनी पेटंटं सापडली. तोवर तिला जाऊन पंचवीस वर्षं उलटली होती. ती १९४८ साली गेली. १९४० च्या जनगणनेत तिने आपला व्यवसाय 'खेळ बनवणारी' असा नोंदवला होता. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य.

असो. तर शिबिर. दिवाळं निघालेल्या मुलीच्या गटाने नियम बदलला: भाड्यातला निम्मा वाटा मधल्या डब्यात, आणि पटाची फेरी पूर्ण झाली की डब्यातल्या पैशांचं सगळ्यांना वाटप. कुणीच बाद होईना, पण खेळही संपेना! तिसऱ्या दिवशी सगळे जांभया द्यायला लागले. न्याय आणि मजा एकाच पटावर बसवणं सोपं नाही, हे त्यांना माझ्या भाषणाशिवाय कळलं. शेवटी त्यांनी डब्यातून धरण बांधायचं ठरवलं. पाऊस येण्याआधी धरण झालं तर सगळे जिंकले, नाही तर सगळे हरले. तो डाव मात्र रंगला.

शेवटच्या दिवशी खोक्यावर 'रचना' असं लिहून पुढे नाव घालायची वेळ आली आणि भांडण जुंपलं. पट ज्याने रंगवला तो म्हणे माझंच नाव. मी त्यांना लिझीची गोष्ट सांगितली. मग चौघांची नावं लिहिली गेली, आणि खाली छोट्या अक्षरात: 'नियम कुणी केला, हे हिने विचारलं.'

लिझीची गोष्ट सांगितली, पण माझी सांगितली नाही. मुलांसमोर धीर झाला नाही.

मी सहावीत असताना मे महिन्यात आजोळी, वाईला, ताईने (मामेबहीण) वाईचा व्यापार केला होता. व्यापाराचं खोकं घरात नव्हतं म्हणून. जुन्या कॅलेंडरच्या मागे आखलेला पट, त्यावर कृष्णेचे घाट. सगळ्यात महाग गणपती आळी. ढोल्या गणपतीच्या घरात गेलं की सगळ्या भिडूंना एकेक बत्तासा, हा नियमही तिचाच. मी फक्त नोटा कापल्या. जूनमध्ये मी तो पट पुठ्ठ्यावर उतरवला, शाळेच्या प्रदर्शनात ठेवला, कोपऱ्यात माझं नाव घातलं. दुसरं बक्षीस मिळालं, कंपासपेटी. बाईंनी कौतुक केलं आणि एकच चूक दाखवली, "धर्मपुरीतला 'पु' ऱ्हस्व हवा." ताईने लिहिलेलं 'धर्मपूरी' मी जसंच्या तसं उतरवलं होतं. मार्व्हिन गार्डन्सबद्दल वाचलं तेव्हा त्या रात्री मला झोप का लागली नाही, हे आता कळलं असेल.

पुढच्या सुट्टीत ताईने ती कंपासपेटी पाहिली, "छान आहे रे," म्हणाली. तिला बक्षिसाचं ठाऊक होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही.

तो पट आता नाही, त्यामुळे कोपऱ्यातलं नाव बदलता येणार नाही. म्हणून इथे लिहितो: रचना ताईची. नोटा मी कापल्या.

ताई, हे वाचशील तर येत्या मे महिन्यात दोघेही वाईला जाऊ. पट पुन्हा मांडू. धर्मपुरी मी लिहीन.