थाई देशाचा वारसा : जपलेला आणि टाकलेला



थायलंडचे, म्हणजे १९३९ सालापर्यंत ज्याला सयाम म्हणत त्या देशाचे नाव निघाले की आपल्याकडे मोठ्या अभिमानाने काही गोष्टी सांगितल्या जातात. तेथील जुन्या राजधानीचे नाव अयुथ्या, म्हणजे आपली अयोध्याच. तेथील सध्याच्या घराण्याचे राजे ‘राम’ या नावाने ओळखले जातात. रामाची कथा तेथे लहानथोरांना ठाऊक आहे. यात खोटे काहीच नाही. तथापि हा अभिमान बाळगताना एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते, असे मला वाटते. जो वारसा समुद्र ओलांडून तिकडे गेला, त्यात राम होता तसे धर्मशास्त्रही होते. सीता होती तशी ‘दासी’ही होती. या वारशातले त्या लोकांनी काय जपले, काय बदलले आणि काय टाकून दिले, हे पाहिले तर त्यातून आपल्याला अधिक शिकता येईल.

थाई लोकांचे राज्य होण्यापूर्वी त्या भूमीवर मोन लोकांची वस्ती होती. इसवी सनाच्या सहाव्या शतकापासून पुढे तेथे ‘द्वारवती’ची संस्कृती नांदली. हे नाव खोटे नव्हे. नखोन पथोम येथे सापडलेल्या चांदीच्या नाण्यांवर द्वारवतीच्या राजाचा उल्लेख संस्कृतात कोरलेला आहे. त्या काळची दगडी धर्मचक्रेही सापडली आहेत. पुढे पूर्वेकडून ख्मेर राजांची सत्ता आली. त्यांनी फिमाई आणि फनोम रुंग येथे मोठी देवळे बांधली. फनोम रुंगच्या देवळातील शेषशायी विष्णूची एक शिळा चोरीस गेली होती. ती अमेरिकेत शिकागो येथील संग्रहालयात आढळली, आणि लोकांनी चिकाटीने मागणी केल्यावर १९८८ साली परत आली. बहुसंख्य प्रजा बौद्ध असूनही विष्णूच्या त्या मूर्तीसाठी ती झगडली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तेराव्या शतकात सुखोथाई येथे थाई राजांचे राज्य उभे राहिले. तेथील रामखम्हेंग राजाचा म्हणून मानला जाणारा शिलालेख १२९२ सालचा आहे. तो १८३३ साली राजपुत्र मोंगकुट याला सापडला. राजवाड्याच्या दाराशी घंटा टांगलेली असे आणि ज्याला गाऱ्हाणे मांडायचे असेल त्याने ती वाजवावी, असे त्या लेखात म्हटले आहे. लेखाच्या काळाविषयी काही विद्वानांनी शंका घेतली आहे; परंतु ती घंटा मात्र थाई मनात पक्की बसली आहे. पुढील हकिकतीसाठी वाचकांनीही ती ध्यानात ठेवावी.

१३५१ साली अयुथ्येची स्थापना झाली. तीन नद्यांच्या वेढ्यातले हे नगर चारशे वर्षांहून अधिक काळ व्यापाराचे मोठे केंद्र होते. गोवा आणि मलाक्का जिंकणाऱ्या आल्बुकर्कने १५११ साली आपला दूत येथे पाठविला, आणि पोर्तुगीजांची ये-जा सुरू झाली. अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या आणि साखरेच्या पाकाच्या सोनेरी मिठाया थाई मंगलकार्यात मानाच्या समजल्या जातात. त्या मूळच्या पोर्तुगीज पद्धतीच्या आहेत. जपानी, पोर्तुगीज आणि बंगाली असे मिश्र कूळ असलेल्या मारिया ग्योमार द पिन्हा या स्त्रीने त्या रूढ केल्या, अशी परंपरा आहे. तिचा नवरा दरबारात बडा अधिकारी होता. १६८८ साली तो मारला गेला. राजे आणि सरदार विस्मृतीत गेले, पण एका परक्या बाईच्या हातची गोडी मात्र ताटात राहिली.

१७६७ साली ब्रह्मी सैन्याने अयुथ्या जाळली. ग्रंथ, कायदे, बखरी, नाटकांच्या संहिता यांचा मोठा नाश झाला. ताकसिन राजाने देश पुन्हा सावरला. १७८२ साली राम पहिला याने बँकॉक येथे नवी राजधानी वसविली. नुसती देवळे बांधून गेलेले वैभव परत येत नाही, हे या राजाने ओळखले होते. १७८८ साली त्याने भिक्षू आणि पंडित जमवून पाली त्रिपिटकाची शुद्ध प्रत करविली. १७९७ साली ‘रामकियन’ ही थाई रामकथा नव्याने रचून घेतली. हीच कथा एमराल्ड बुद्धाच्या मंदिराच्या ओवऱ्यांत १७८ चित्रांतून रंगविलेली आहे, आणि मुखवटे घालून होणाऱ्या ‘खोन’ नृत्यनाट्यातही तीच असते.

ही कथा आपल्या वाल्मीकींची नक्कल नव्हे. येथील हनुमान ब्रह्मचारी नाही. सुवर्णमत्स्या नावाच्या मत्स्यकन्येवर त्याचे मन बसते. सीता ही तर प्रत्यक्ष रावणाचीच कन्या, जन्मतःच टाकून दिलेली. रामाने तिचा त्याग केल्यावर तीही पाताळात जाते. पण येथे कथा संपत नाही. अखेरीस ईश्वर, म्हणजे शंकर, दोघांची समजूत घालतो आणि त्यांचा पुन्हा विवाह लावून देतो. जात्यावर बसून सीतेच्या वनवासाच्या ओव्या गाणाऱ्या आपल्या आज्यांना हा शेवट ऐकायला मिळाला असता तर किती बरे वाटले असते!

आता दुसरी बाजू पाहू. रामकथेप्रमाणेच जुने कायदेही नव्याने लिहिले गेले. या कायद्यांचा पाया ‘थम्मसात’, म्हणजे आपले धर्मशास्त्र. ते मोन लोकांमार्फत थाई राज्यात आले होते. १८०४ साली अम्डेंग पोम नावाच्या स्त्रीने नवऱ्यापासून काडीमोड मागितला, आणि जुन्या कायद्याप्रमाणे न्यायाधीशांनी तो दिलाही. नवऱ्याने राजाकडे दाद मागितली. ‘दोष बायकोचा, आणि सुटकाही तिलाच?’ असे त्याचे म्हणणे होते. राजाला ते पटले. कायद्यात भेसळ झाली आहे असे ठरवून त्याने अकरा जणांची समिती नेमली आणि १८०५ साली ‘तीन मोहरांचा कायदा’ तयार झाला. त्यात बायकांचे तीन वर्ग होते : आईबापांनी दिलेली, नंतर केलेली, आणि पैसे देऊन आणलेली. या तिसरीला थाई भाषेत ‘थासी’ म्हणत. हा शब्द आपला ‘दासी’च, हे सांगायला नकोच. रामाच्या प्रवासाचा अभिमान आपण सांगतो, तर या शब्दाच्या प्रवासाची लाजही आपल्या वाट्याला यावी.

परंतु गाऱ्हाण्याची घंटा वाजविणाऱ्या स्त्रिया पुढेही निघाल्या. १८६५ साली एकवीस वर्षांच्या अम्डेंग म्युआनने राजा मोंगकुटकडे अर्ज केला. तिचे मन एकावर होते आणि आईबापांनी तिला दुसऱ्याला देऊन टाकले होते. ती पळाली, तुरुंगात पडली, तेथूनही निसटली आणि राजापर्यंत पोचली. आईबाप म्हणजे काही मुलीचे गाईम्हशींसारखे मालक नव्हेत, अशा अर्थाचा निर्णय राजाने दिला, आणि वीस वर्षांवरील मुलीला वर निवडण्याची मुभा दिली. बड्या घराण्यांतील मुलींना मात्र ती नव्हती. पुढे अम्डेंग चान हिने, नवऱ्याने आपल्याला न विचारता परस्पर विकल्याची तक्रार केली. त्यावरून १८६८ साली, बायकोच्या संमतीवाचून तिला विकता येणार नाही, असा कायदा झाला.

या सुधारणांचे श्रेय जगात पुष्कळदा ॲना लिओनोवेन्स या शिक्षिकेला दिले जाते. तिच्यावर चित्रपटही निघाले. त्यांतल्या १९५६ सालच्या चित्रपटावर थायलंडमध्ये बंदी आली. ही बाई जन्माने आपल्या नगरची, आजच्या अहिल्यानगरची. तिचा विवाहही पुण्यात झाला. पुढे मात्र आपण वेल्समध्ये जन्मलो असे ती सांगत असे. ती दरबारात शिकवीत होती हे खरे; पण दाराशी जाऊन दाद मागणाऱ्या त्या सामान्य स्त्रियांची नावे जगाला ठाऊक नाहीत, याचे मला वाईट वाटते.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते. १९०५ साली गुलामगिरी संपूर्ण बंद झाली. १९३२ च्या राज्यक्रांतीनंतर मताचा अधिकार स्त्रीपुरुषांना एकदमच मिळाला. १९३५ साली कायद्याने एकपत्नीत्व आले. १९४९ साली ओरपिन चायकान या पहिल्या स्त्री-सभासद संसदेत निवडून गेल्या. ‘थासी’ कायद्यातून गेली. सीता मात्र राहिली. २०१८ साली ‘खोन’ची नोंद युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाली.

वाडवडिलांनी ठेवलेली पेटी उघडली म्हणजे तिच्यात पैठणीही असते आणि कसर लागलेली चिंधीही असते. पैठणी वापरावी, जरूर तर तिला नवे अस्तर लावावे, आणि चिंधी टाकून द्यावी. पण ही निवड करताना पेटीपाशी कोण बसले आहे, याला फार महत्त्व आहे. १८०५ साली सयामात तेथे अकरा पुरुष होते. १८६५ साली एका मुलीने दार ठोठावले आणि निवड बदलली. आपल्या मंडळाचे काम याहून निराळे नाही, अशी माझी समजूत आहे.