ओसाड वास्तू, चित्रवाणी आणि घरची आठवण

कोणत्याही जुन्या वास्तूला दोन इतिहास असतात. एक कागदाचा; सनदा, खरेदीखतें आणि सरकारी नोंदी यांवरून तो जुळविला जातो. दुसरा घरांतल्या बोलण्याचा; आजीनें नातवाला, मामानें भाच्याला सांगितलेला. पहिला अभ्यासकाच्या हातीं लागतो. दुसरा सांगणाराबरोबरच निघून जातो. गेल्या कांहीं दशकांत या दोहोंच्या जोडीला तिसरा इतिहास आला आहे. तो कॅमेऱ्याचा. ओसाड वाडा, बंद गिरणी किंवा कुलूप लागलेलें कौलारू घर चित्रपटांत अथवा चित्रवाणीच्या मालिकेंत दिसूं लागतें, आणि थोड्याच दिवसांत लोक त्या जागेला मालिकेंतल्या नांवानें ओळखूं लागतात. अशा वेळीं पहिल्या दोन इतिहासांचें काय होतें, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं.

त्याचें उत्तर शोधतांना पालघर जिल्ह्यांतील जव्हारजवळचा शिरपामाळ प्रथम आठवतो. सन १६६३च्या अखेरीस शिवाजी महाराज सुरतेच्या स्वारीवर निघाले असतां या माळावर त्यांचा मुक्काम पडला. जव्हारचा राजा विक्रमशहा त्यांच्या भेटीस आला आणि त्यानें महाराजांच्या मस्तकीं मानाचा शिरपेच चढविला, अशी परंपरा आहे. शिरपेचावरून माळाचें नांव शिरपामाळ. पाहणाऱ्याला दाखवावयास तेथें त्या काळचा वाडा नाहीं कीं तट नाहीं. तरीही साडेतीनशें वर्षें ती भेट लोकांच्या तोंडीं राहिली. कारण नांव उच्चारलें कीं मूल ‘असें नांव कां?’ म्हणून विचारतें, आणि वडील माणसाला गोष्ट सांगावीच लागते.

या आठवणीची एक खोडही लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ज्या जव्हारच्या राजानें शिरपेच चढविला, तेंच जव्हार पुढें १६७२च्या जून महिन्यांत मोरोपंत पिंगळे यांनीं फौजेनिशीं घेतलें. माळाच्या नांवांत भेट राहिली. स्वारी मात्र बखरींत आणि इतिहासग्रंथांतच राहिली. लोकस्मृति खोटें बोलते असें नव्हे; ती निवड करते. म्हणूनच तिच्या शेजारीं कागदाचा इतिहास ठेवावा लागतो, आणि कागदाच्या शेजारीं ती.

मुकणे घराण्याचें हें संस्थान परंपरेनें १३४३ सालापासूनचें मानलें जातें. इंग्रजी अमदानींत त्याचा विस्तार सुमारें ३१० चौरस मैलांचा होता. १९४८ सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांनीं बांधविलेला जयविलास राजवाडा गांवाबाहेर झाडींत उभा आहे. राज्य गेल्यावर राजवाड्याचें प्रयोजनच उरत नाहीं. दरबार नाहीं, फिर्यादी नाहींत, दसऱ्याचा मुजरा नाहीं. अशा रिकाम्या भव्यतेकडे चित्रपटवाल्यांचें लक्ष गेलें यांत नवल नाहीं. पण पडद्यावर तो कोण्या काल्पनिक ठाकुराची हवेली होऊन बसतो, आणि हा एका आदिवासी राजघराण्याचा वाडा होय, ही महत्त्वाची गोष्ट पाहणाऱ्याला कळतच नाहीं.

चित्रवाणीला जुन्या घरांची गरज कां पडली, हेंही पाहिलें पाहिजे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या काळचीं नाटकें व श्रुतिका स्टुडिओच्या चार भिंतींतच रंगत. यंत्रें जड, प्रकाशाची व्यवस्था अवघड. पुढें यंत्रें हलकीं झालीं, खाजगी वाहिन्या आल्या आणि रोजच्या मालिकेचा प्रघात पडला. रोजच्या मालिकेला तेंच अंगण, तीच ओसरी, तेंच माजघर वर्षदोन वर्षें सतत लागतें. गोरेगांवच्या चित्रनगरींत तशी जागा उभारणें खर्चाचें. शिवाय नव्या लाकडाला जुना रंग दिला, तरी पायांनीं झिजलेला उंबरठा कांहीं तयार करतां येत नाहीं. तो गांवाकडे आयता मिळतो. मालक मुंबईस, भाऊबंदांचे हिस्से अनेक, कौलें शाकारावयास कोणी नाहीं. अशा घराला भाडें देणारा कोणी आला, तर तो देवासारखाच वाटतो.

कुडाळ तालुक्यांतील आकेरी हें याचें सर्वांना ठाऊक असलेलें उदाहरण. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६च्या फेब्रुवारींत सुरू झाली, आणि पुढें २०१९ व २०२१ या सालीं तिचे दुसरे व तिसरे भाग आले. मालवणी बोलणाऱ्या नाईक कुटुंबाची ही भयकथा आकेरींतल्या एका जुन्या कौलारू घरांत चित्रित झाली. पाहतां पाहतां तें घर ‘अण्णा नाईकांचा वाडा’ झालें आणि लांबलांबून माणसें तें पाहावयास येऊं लागलीं. अण्णा नाईक हें कल्पित पात्र. तरी त्याची ओसरी कोणती आणि खोली कोणती, हें पाहुण्यांना अचूक ठाऊक. त्या ओसरीवर खरोखर कोणाचीं लग्नें जमलीं, कोणाचे हिशेब मिटले, हें विचारणारा पाहुणा विरळाच.

आतां मुंबईच्या दक्षिण टोकाकडे वळावें. कुलाब्यास समुद्राच्या अगदीं कांठाशीं मुकेश मिल ही कापडगिरणी होती. १९८२च्या सुमारास ती आगीनंतर बंद पडली, आणि मग तिच्या काळवंडलेल्या भिंतींत अनेक वर्षें चित्रीकरणें होत राहिलीं. ‘हम’ या १९९१च्या चित्रपटांतील गाजलेलें गाणें तेथलेंच. पुढें ही जागा झपाटलेली आहे अशा वदंता पसरल्या, आणि भयकथांना ती अधिकच सोयीची वाटूं लागली.

कोंकणांतलें कुलूपबंद घर आणि मुंबईंतली बंद गिरणी या दोन निरनिराळ्या वास्तू दिसतात. वस्तुतः तीं एकाच दोरीचीं दोन टोकें आहेत. कोंकणांतलीं घरें रिकामीं झालीं तीं मुख्यतः गिरण्या भरण्यासाठीं. शेतीवर पोट भरेना, म्हणून जुन्या रत्नागिरी जिल्ह्यांतला तरुण मुंबईस गेला. सांचाखात्यांत उभा राहिला, खाणावळींत जेवला, दहाबारा जणांच्या खोलींत पाळीपाळीनें झोंपला आणि मनीऑर्डरीनें घराचें छप्पर राखीत राहिला. त्याला गांवानें चाकरमानी म्हटलें. तो शिमग्याला व गणपतीला येई, तेव्हां घर आठपंधरा दिवस भरे. मग १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. त्या संपानंतर पुष्कळ कामगार पुन्हा खात्यांत गेलेच नाहींत, आणि एकामागून एक गिरण्यांचे भोंगे थांबले. मनीऑर्डरी थांबल्या, तेव्हां कित्येक घरांचीं कौलेंही शाकारलीं जाईनात.

आज पडद्यावर घरांत भूत आहे आणि गिरणींतही भूत आहे. दोन्ही ठिकाणीं ‘येथें कोणी कां राहत नाहीं?’ या प्रश्नाला कथा एकच उत्तर देते: जागा वाईट आहे. खरें उत्तर मजुरीचें, हिश्शांचें, संपाचें आणि स्थलांतराचें आहे. तें भुताहून कमी भयंकर नाहीं. पण तें सांगणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. ज्या आजोबांनीं खात्यांत तीस वर्षें काढलीं, त्यांचा नातू पडद्यावर गिरणीची भिंत पाहून दचकतो. आजोबांना मात्र त्याच भिंतींत मागाची ओळ, पाळी बदलण्याची वेळ आणि कानांत राहिलेला खडखडाट दिसतो. दोघे एकाच खोलींत, एकाच पडद्यासमोर बसलेले असतात. नातवानें विचारलें नाहीं, तर आजोबा बोलत नाहींत.

म्हणून कॅमेऱ्याला दोषी धरावें काय? तसें करणें न्यायाचें होणार नाहीं. भाड्याच्या पैशांनीं छप्परें वांचतात, आणि ज्या घराकडे भाऊबंदही फिरकत नसत, तें निदान झाडून पुसून उभें राहतें. वाईजवळच्या मेणवलीचें उदाहरण तर बोलकें आहे. तेथें नाना फडणिसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे. घाटावरच्या देवळांत चिमाजी आप्पांच्या १७३९ सालच्या वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. ‘स्वदेस’ हा २००४चा चित्रपट तेथें चित्रित झाला आणि घाटावर गर्दी वाढली. तरीही मेणवली नानांचीच राहिली. कारण नानांचें दप्तर कागदोपत्रीं शाबूत आहे, घंटेवर साल कोरलेलें आहे, आणि शाळेंतल्या मुलालाही नाना ठाऊक आहेत. जेथें पहिला इतिहास भक्कम, तेथें तिसऱ्याचें भय नाहीं. भय आहे तें ज्यांचें दप्तर नाहीं अशा सामान्य घरांना, गिरण्यांना आणि चाळींना. त्यांचा सारा इतिहास दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे बोलण्याचा.

तेव्हां करावयाचें तें फार मोठें नाहीं. घर चित्रीकरणास देतांना करारपत्राबरोबर एक वहीही उघडावी. घर कोणीं व कोणत्या सालीं बांधलें, लांकूड कोठून आलें, कोणत्या खोलीला काय म्हणत, बाळंतिणीची खोली कोणती, शेवटचा दिवा कोणीं लावला आणि तो मुंबईस कां गेला, हें घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाकडून लिहून घ्यावें. गिरणीकामगाराच्या घरीं खात्यांचीं नांवें आणि जागा यांची नोंद करावी. जमल्यास आवाजही ध्वनिमुद्रित करून ठेवावा. पाहुणे मालिकेंतला वाडा पाहावयास आले, तर त्यांना मालिकेंतली खोली अवश्य दाखवावी. पण जातांना खऱ्या घराचें नांवही सांगावें. शिरपामाळाजवळ भिंती नव्हत्या, केवळ एक नांव होतें, आणि तें पुरलें. कारण प्रत्येक पिढींत कोणीतरी विचारलें आणि कोणीतरी सांगितलें. ज्यांच्या भिंती अद्याप उभ्या आहेत, त्यांना इतकें करणें अवघड नाहीं. मात्र सांगणारा आहे तोंवरच तें करावें लागेल.