रायफलीचा धक्का आणि कुंदा

गोळी नळीतून पुढे सुटताना रायफल नेमबाजाच्या खांद्याकडे मागे ढकलली जाते. या प्रत्याघाताला धक्का म्हणतात. हातात धरायचा व खांद्याला टेकवायचा जो लाकडी किंवा कृत्रिम भाग, तो कुंदा किंवा दस्ता. हलक्या शिकारी रायफलींचा धक्का जोरदार असतो आणि तो सुसह्य करण्याचे बहुतेक उपाय कुंद्यातच असतात.

कारणमीमांसा : गोळी आणि जळलेल्या दारूचा वायू यांना पुढच्या दिशेने जितका संवेग मिळतो, तितकाच रायफलीला मागच्या दिशेने मिळतो. काडतूस तेच असेल तर हा संवेग जवळजवळ ठरलेला असतो. खांद्यावर येणारी ऊर्जा मात्र रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. उदाहरणार्थ, संवेग १३ किग्रॅ.-मी. प्रतिसेकंद धरला, तर ४ किग्रॅ.च्या रायफलीत ही ऊर्जा सुमारे २१ जूल आणि ३ किग्रॅ.च्या रायफलीत सुमारे २८ जूल भरते. डोंगर-जंगलात वागवायला सोपी असलेली रायफल झाडताना त्रासदायक ठरते, ती यामुळे.

भारतातील रायफली : ०.३०३ हे सैनिकी काडतूस असल्याने ते नागरिकांना वर्ज्य होते. म्हणून परवानाधारकांमध्ये ०.३१५ बोअरची रायफल रुळली. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनणाऱ्या या रायफलीची घडण ब्रिटिश सैन्याच्या ली-एनफील्ड रायफलीच्या पद्धतीची आहे. तिच्या काडतुसातील गोळी सुमारे १५.८ ग्रॅ. (२४४ ग्रेन) वजनाची असते. काडतुसाच्या बुडावरील ‘केएफ’ ही अक्षरे पुण्याजवळच्या खडकी येथील, १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्याची खूण होय.

हलकेपणाची किंमत दाखवणारे प्रसिद्ध उदाहरण ली-एनफील्ड घराण्यातच सापडते. जंगलयुद्धासाठी १९४४ पासून बनवलेली ‘क्रमांक ५’ ही आखूड कार्बाइन सुमारे ३.२ किग्रॅ. वजनाची होती. तिच्या कुंद्याला रबरी गादी होती. पण ती अरुंद असल्याने धक्का थोड्याशाच जागेवर येई आणि रबर जुने होऊन कडक झाले की अधिकच बोचे.

कुंद्याचे माप : चापापासून कुंद्याच्या टोकापर्यंतचे अंतर साधारणपणे ३३ ते ३६ सेंमी. असते. ते कमी पडल्यास अंगठा नाकावर किंवा दुर्बीण भुवईवर आदळते. जास्त झाल्यास कुंदा खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर सरकतो. ब्रिटिश सैन्यात ली-एनफील्डचे कुंदे म्हणूनच वेगवेगळ्या लांबीचे मिळत. कुंद्याचे टोक नळीच्या रेषेपेक्षा जितके खाली, तितके नळीचे तोंड वर उसळते आणि गालाला मार बसतो. सरळ कुंद्यात धक्का थेट मागे येतो. उघड्या माशीसाठी घडवलेल्या जुन्या कुंद्यावर दुर्बीण बसवली, तर नेम धरताना गाल अधांतरी राहतो. तेथे गालाचा टेकू उंच करावा लागतो.

सुधारणा : मापात बसणारा कुंदा ही पहिली पायरी. त्यानंतर मऊ, रुंद रबरी गादी. तिने ऊर्जा नाहीशी होत नाही, पण धक्का अधिक वेळात व अधिक जागेवर विभागला जातो. गादीच्या जाडीइतके लाकूड कापले नाही, तर लांबी वाढून माप बिघडते. कुंद्याच्या पोकळीत शिसे भरून वजन वाढवता येते, मात्र तोल मागे जातो. नळीच्या तोंडावरील ब्रेक वायू बाजूला वळवून धक्का बराच कमी करतो. त्याच्या मोबदल्यात नेमबाजाच्या व शेजारच्यांच्या कानांवर आवाजाचा मारा वाढतो.

अक्रोडाच्या लाकडाचे कुंदे देखणे असले, तरी नागपूर भागातील ४५° से.पुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि पावसाळ्यात फुगते. त्यामुळे नळीवरील दाब बदलून नेम सरकतो. यावर जवसाचे तेल मुरवणे हा जुना उपाय. फायबरग्लासचा कुंदा हवामानाला दाद देत नाही. पण तो लाकडापेक्षा हलका असल्यास धक्का वाढतो. थरांच्या लाकडाचा कुंदा जड, तरीही बराच स्थिर असतो. ली-एनफील्डच्या क्रमांक १ नमुन्यात मागचा कुंदा आतल्या लांब बोल्टने बसवलेला असतो. पुढचे लाकूड आधी न काढता हा बोल्ट फिरवल्यास पुढचे लाकूड चिरते.

उपयोग व कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीला बंदी आहे. नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर, काटोल या संत्रापट्ट्यात रायफलीचा उपयोग उरतो तो पीकसंरक्षणापुरता. येथे रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर उभ्या पिकांची नासाडी करतात. उभ्या पिकाला घातक ठरलेल्या अनुसूची २ मधील प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी अधिनियमाच्या कलम ११ खाली अधिकृत वनाधिकारी देऊ शकतो. शेतकऱ्याजवळ बंदुकीचा परवाना असणे एवढ्याने ती मिळत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रांची दुरुस्ती व रूपांतर यांच्या व्यवसायाला परवाना लागतो आणि कलम ६ नळी आखूड करण्यावर निर्बंध घालते. नळीला आटे पाडून ब्रेक बसवण्यासारखे काम परवानाधारक कारागिराकडेच जायला हवे.

पीकसंरक्षणाच्या कामात धक्क्याला महत्त्व येते ते नेमासाठी. धक्क्याच्या धास्तीने नेमबाज चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, खांदा आवळतो आणि गोळी चुकते. जनावर जखमी होऊन पळाले, तर ते माणसांना धोक्याचे ठरते. त्यामुळे जोरदार काडतुसापेक्षा अंगाला बसणारा कुंदा अधिक उपयोगी पडतो.