सुरुवात ‘गेन’पासून

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, ‘मांगा’ म्हणजे जपानी चित्रकथा आणि ‘ॲनिमे’ म्हणजे त्यांच्याच जातकुळीतल्या हलत्याबोलत्या मालिका नि चित्रपट, हे आता शाळकरी मुलांना सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते त्यांच्या आईबापांना आणि आजीआजोबांना. मुलगा खोलीत बसून काय बघतो, मुलगी मागून पुढे उघडणारं हे कसलं पुस्तक वाचते, याचं कुतूहल त्यांना असतं. आपणही एखादं वाचून पाहावं असं वाटतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. मुलांना विचारलं तर ती ‘नारुतो’ किंवा ‘वन पीस’ सांगतील. त्यात वावगं काही नाही. पण ‘वन पीस’ १९९७ पासून चालू आहे आणि त्याचे शंभरावर खंड झाले आहेत. पन्नाशीतल्या माणसाने त्या समुद्रात पहिली उडी घ्यावी, असं मला वाटत नाही. मी कवितेचा माणूस, या दालनात पाहुणाच. तरी पाहुण्याला एक फायदा असतो, घराचा उंबरठा कुठे आहे हे त्याला नीट आठवतं.

खरं तर आपल्यापैकी अनेकांनी पहिली ॲनिमे केव्हाच पाहिली आहे. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचं. मोगली, बगीरा, भालू, आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं. गोष्ट किपलिंगची, जंगल आपलं, म्हणून मालिकाही इथलीच वाटली. ती काढली होती ‘निप्पॉन ॲनिमेशन’ या जपानी संस्थेने, १९८९ मध्ये.

जपानमध्ये ही कला रुजली कशी, ते थोडक्यात सांगतो. १९३० च्या दशकात तिथल्या गल्ल्यांतून सायकलवाले हिंडत. सायकलच्या मागे लाकडी चौकट, तिच्यात एकामागे एक सरकवलेली रंगीत चित्रं. सायकलवाला लाकडाच्या दोन पट्ट्या टकटक वाजवायचा, पोरं जमायची, गोळ्या विकत घ्यायची, आणि मग तो चित्र बदलत बदलत गोष्ट सांगायचा. याला ‘कामिशिबाई’ म्हणत, म्हणजे कागदी नाटक. आपल्याकडे पिंगुळीच्या चित्रकथीचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चटकन उमजेल. पुढे दूरचित्रवाणी आली तेव्हा जपानी लोक तिला सुरुवातीला ‘विजेची कामिशिबाई’ म्हणाले. हे सायकलवाले तिनेच संपवले. युद्धानंतर कागदाची चणचण होती. स्वस्त कागदावर छापलेली लाल रंगाची पुस्तकं खेळण्यांच्या आणि गोळ्याबिस्किटांच्या दुकानांत मिळत, आणि काही दुकानं पुस्तकं भाड्याने देत. १९४७ मध्ये असंच एक पुस्तक आलं, ‘नवा खजिन्याचा बेट’. चित्रकार होता ओसाम तेझुका, वैद्यकीचा विद्यार्थी, वय अठराएक वर्षं, ओसाकावरच्या बॉम्बवर्षावातून वाचलेला. पहिल्याच पानांवर एक मुलगा मोटार दामटत बंदराकडे निघतो आणि चौकटीमागून चौकट अशी सरकते की आपण सिनेमा बघतोय असं वाटावं. पुढे याच तेझुकांनी ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ काढला, १९६३ मध्ये त्याची दूरचित्रवाणी मालिका केली आणि सतराव्या वर्षापासून सत्तराव्यापर्यंतच्या वाचकांना पुरेल एवढं लिहून ठेवलं. त्यांचा ‘बुद्ध’ इंग्रजीत मिळतो. कपिलवस्तूची गोष्ट जपानी डोळ्यांनी पाहायची असेल तर जरूर वाचा.

‘नवा खजिन्याचा बेट’ने वेडावलेल्या मुलांमध्ये हिरोशिमाच्या राखरांगोळीत वाढणारा एक मुलगा होता. त्याचं नाव केइजी नाकाझावा. मला आज बोलायचं आहे ते मुख्यतः त्याच्याविषयी.

६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठ वाजता नाकाझावा सहा वर्षांचे होते, शाळेच्या फाटकापाशी उभे. स्फोटाचं ठिकाण तिथून सव्वा-दीड किलोमीटरच्या आत. फाटकाजवळच्या भिंतीचा आडोसा मिळाला म्हणून ते जगले. घर कोसळलं. वडील, मोठी बहीण आणि धाकटा भाऊ त्याखाली गेले. आई गरोदर होती. त्याच दिवशी, रस्त्यावर, तिने एका मुलीला जन्म दिला. ती मुलगी काही महिनेच जगली.

नाकाझावा पुढे टोकियोला गेले, चित्रकथा काढू लागले, आणि बॉम्बविषयी त्यांनी एक चकार शब्द काढला नाही. हिरोशिमाचा माणूस म्हटलं की लोक दचकून दूर सरकायचे, तो काळच तसा होता. १९६६ मध्ये आई गेली. जपानमध्ये दहनानंतर घरची माणसं राखेतून अस्थी वेचतात. आईच्या राखेत वेचण्यासारखं हाड उरलंच नव्हतं. बॉम्बने माझ्या आईची हाडंसुद्धा नेली, या संतापाने नाकाझावा पेटले. १९६८ मध्ये त्यांची या विषयावरची पहिली चित्रकथा आली. मोठ्या प्रकाशकांनी ती नाकारली होती. मग १९७३ मध्ये ‘शोनेन जंप’ या मुलांच्या साप्ताहिकात सुरू झाली ‘हादाशी नो गेन’, म्हणजे ‘अनवाणी गेन’. ‘नारुतो’ आणि ‘वन पीस’ पुढे ज्या साप्ताहिकात आले, तेच हे साप्ताहिक. घरातल्या मुलांना हे जरूर सांगा. त्यांच्या आवडत्या नायकांच्या आधी त्या पानांवर एक अनवाणी पोरगा धावून गेला आहे.

गेन म्हणजे नाकाझावाच, थोडे बदललेले. पुस्तकाची सुरुवात बॉम्बने होत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. सुरुवात होते गव्हाने. वडील मुलांना सांगतात, थंडीत तुडवला गेलेला गहू मुळं घट्ट रोवतो आणि ताठ उभा राहतो. वडील युद्धाच्या विरोधात बोलतात म्हणून शेजारीपाजारी त्यांना देशद्रोही म्हणतात, पोलीस नेऊन मारतात, पोरांना शाळेत छळ सोसावा लागतो. त्या सगळ्या आळीत या कुटुंबाशी माणुसकीने वागतो तो शेजारचा पाक, एक कोरियन माणूस. त्याला स्वतःला ‘परका’ म्हणून हिणवलं जातं. आणि बॉम्ब पडल्यावर, जेव्हा सगळ्यांची कातडी सारखीच जळाली आहे, तेव्हाही पाकच्या जखमी वडिलांना कोरियन म्हणून उपचार नाकारले जातात. ही पानं वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. हिरोशिमात मेलेल्या कोरियनांचं स्मारक १९७० मध्ये उभारलं गेलं, पण शांतता उद्यानाच्या बाहेर. ते उद्यानाच्या आत यायला १९९९ साल उजाडलं.

‘जंप’मध्ये गेन वर्षभराहून थोडा अधिक टिकला. नंतर तो लहान नियतकालिकांत, शिक्षक संघटनेच्या मासिकातसुद्धा, चालू राहिला आणि दहा खंडांत पुरा झाला. टोकियोतल्या काही स्वयंसेवकांनी १९७६ मध्ये एकत्र येऊन त्याचा इंग्रजी अनुवाद हाती घेतला. इंग्रजीत गेलेल्या अगदी पहिल्या मांगांपैकी हा एक. हिंदीत तोमोको किकुची यांनी तो आणला आहे.

एवढं नाव झाल्यावर पुस्तकाला सुखाने राहू द्यावं की नाही? डिसेंबर २०१२ मध्ये नाकाझावा वारले. त्याच महिन्यात मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने शाळांना कळवलं, की हे पुस्तक उघड्या कपाटात ठेवू नका, मागच्या खोलीत ठेवा. कारण शेवटच्या खंडांत जपानी सैन्याने आशियातल्या इतर देशांत केलेले अत्याचार दाखवले आहेत. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ही गोष्ट बाहेर फुटली, गदारोळ झाला आणि हुकूम मागे घ्यावा लागला. २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमाच्या शिक्षण मंडळाने शांतताशिक्षणाच्या पाठांतून गेनला वगळलं. अडचण कसली, तर गेन उपाशी गरोदर आईसाठी दुसऱ्याच्या तळ्यातला मासा चोरतो, हा प्रसंग आजच्या मुलांना नीट कळणार नाही! मला तर वाटतं, मुलांना सगळ्यात आधी तोच कळेल. बॉम्बचं तापमान त्यांना उमगणार नाही, आईची भूक उमगेल.

म्हणून नव्या वाचकाला मी गेन सुचवतो. मात्र बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका. चित्रं भयंकर आहेत. १९८३ चा ॲनिमे चित्रपटही आहे, पण तो नंतर बघा. पुस्तक हवं तेव्हा मिटता येतं, पडद्यावरच्या त्या काही मिनिटांत ती सवलत नाही.

गेननंतर इसाओ ताकाहाता यांचा ‘काजव्यांचं थडगं’ हा १९८८ चा चित्रपट. कोबे शहरातली दोन पोरकी भावंडं, उपासमार, बस्स. मूळ कथा लिहिणाऱ्या आकियुकी नोसाका यांची चिमुकली बहीण युद्धात अन्नावाचून गेली होती. कथेतला भाऊही मरतो, लेखक मात्र जगला, आणि ती बोच कथाभर जाणवते. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामावरच्या हवाई हल्ल्यातून निसटले होते. तरी हा युद्धविरोधी चित्रपट नाही असं ते सांगत, आणि त्यांच्या त्या म्हणण्यावर विचार करण्यासारखं आहे. हा चित्रपट तेव्हा हायाओ मियाझाकींच्या ‘माय नेबर तोतोरो’बरोबर एकाच तिकिटात दाखवला गेला. घरी बघताना काजवे आधी आणि तोतोरो नंतर, म्हणजे झोप तरी लागेल.

शिगेरू मिझुकी हे आधी कामिशिबाईसाठी चित्रं काढत. न्यू ब्रिटन बेटावरच्या युद्धात त्यांचा डावा हात गेला, उजव्याने ते ९३ व्या वर्षापर्यंत जगाला हसवत राहिले. भुताखेतांच्या गोष्टींसाठी ते घरोघरी माहीत आहेत, पण १९७३ ची त्यांची सैनिकांवरची चित्रकथा वाचा. जिवंत परत आलेल्या शिपायांना ‘तुम्ही मेला का नाहीत’ असं विचारणारं सैन्य त्यात आहे. आणि फुमियो कोनो यांचं हिरोशिमावरचं छोटंसं पुस्तक, बॉम्बनंतर दहा वर्षांनी सुरू होणारं, हिंदीत ‘नीरव संध्या का शहर’ या नावाने मिळतं. ज्यांना गेनची चित्रं झेपणार नाहीत त्यांनी तिथूनच प्रवेश करावा.

वाचायचं कसं, तेही सांगतो. पानं उजवीकडून डावीकडे. उर्दू येणाऱ्यांना यात काही विशेष वाटणार नाही, इतरांना दोन दिवस लागतील. जुन्या इंग्रजी आवृत्त्यांत पुष्कळदा चित्रं आरशात दिसावीत तशी उलटी छापलेली असतात, त्यामुळे बरीच माणसं डावखुरी दिसली तर गोंधळू नका. शब्द कमी असतात म्हणून भराभर पानं उलटू नका. जपानीत शांततेलाही आवाज आहे, रिकाम्या चौकटीत ‘शीन’ असं लिहितात. आपला ‘शुकशुकाट’ मला त्याच घराण्यातला वाटतो. असा शब्द दिसला की तिथे थांबायचं.

शेवटचं एकच. गेनचा पहिला खंड त्या दिवशी रस्त्यावर जन्मलेल्या मुलीपाशी संपतो. दुसरा खंड हाताशी ठेवूनच तो वाचायला घ्या.