आर्मा येथील चढ आणि चाकाखालचे दगड

घाट चढतांना बैल दमले म्हणजे गाडीवान आधीं चाकामागें उटी लावी आणि मगच बैलांना सोडी. उटी म्हणजे चाकास अडविणारा दगड किंवा लांकडाचा ठोकळा. ही साधी वस्तु कोठवर भरंवशाची, याची कसोटी १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांत लागली.

त्या दिवशीं आर्मा गांवाहून समुद्रकांठच्या वॉरनपॉइंटकडे मेथॉडिस्ट पंथाच्या रविवारच्या शाळेची सहल निघाली होती. पंधरा डब्यांची गाडी, उतारू सुमारें ९४०, आणि डब्यांचीं दारें कुलुपबंद. दर ७५ फुटांस एक फूट असा चढ होता. माथा जवळ आला असतां इंजिन थांबलें. तेव्हां पुढचे पांच डबे आधीं पुढील स्टेशनावर पोंचवावे व मग उरलेले न्यावे, असें ठरलें.

त्या गाडीस सर्व डब्यांना लागणारा व्हॅक्यूम ब्रेक होता खरा, पण इंजिन जोडलेलें असेतोंच तो काम करी. डबे सोडतांच मागच्या दहांवरील त्याची पकड गेली. राहिला शेवटच्या डब्यांतील हाताचा ब्रेक, आणि चाकांखालीं सरकविलेले रुळांकांठचे दगड. एवढ्यावर तें सारें ओझें क्षणभर उभेंही राहिलें! परंतु पुढें निघतांना इंजिन किंचित् मागें सरलें, फार तर हातभर. धक्का बसला, दगड चिरडले आणि दहा डबे उतारानें धांवूं लागले. मागून दुसरी गाडी चढत होती. टकरींत सुमारें ८० जीव गेले. त्यांत मुलें पुष्कळ होतीं.

दोष एकट्या दगडांचा नव्हे. उभा भार उभा ठेवणें एवढेंच उटीचें काम. हललेला भार थोपविणें तिच्या शक्तीबाहेरचें. पार्लमेंटनें त्याच वर्षीं कायदा करून, जोड तुटतांच आपोआप लागणारा ब्रेक उतारूंच्या गाड्यांना सक्तीचा केला.

मोटारीमागें जोडून न्यावयाच्या फिरत्या घराची, म्हणजे ट्रेलरची, स्थिति जोड सोडतांना त्या दहा डब्यांसारखीच असते. मोटारीचा ब्रेक मोटारीबरोबर जातो, आणि कित्येक ट्रेलरांना हाताचा ब्रेकही नसतो. म्हणून जाणते लोक टायरच्या रुंदीस पुरेल अशी रबराची किंवा भरीव लांकडाची उटी घेतात. गोल दगड घसरतो, ठिसूळ फुटतो. उटी उताराच्या बाजूस टायरला घट्ट भिडवितात, दुसऱ्या बाजूसही एक ठेवितात. नंतर मोटार अगदीं थोडी सैल सोडून ट्रेलरचें वजन उटीवर टेकूं देतात. आर्मा येथें जो धक्का जोड सोडल्यावर बसला, तो येथें जोड असतांनाच देऊन पाहतात. ट्रेलर जागचा हलला नाहीं, तरच जोड काढतात.