शाहजीराजपुरम् : दोन नद्यांमधील एक गाव

कुंभकोणमहून आठेक किलोमीटर गेले की कावेरीच्या उत्तर तीरावर तिरुविशनल्लूर हे लहानसे शेतकरी गाव लागते. दक्षिणेस कावेरी, उत्तरेस कोळ्ळिडम आणि पूर्वेस समुद्र. नकाशात पाहिले तर हा पट्टा म्हणजे एक लांबट बेटच. नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणारे आपल्यापैकी अनेकजण देवदर्शनासाठी कुंभकोणमला येतात, पण या गावाकडे क्वचितच कोणी वळते. वास्तविक एके काळी या गावाने एका मराठी राजाचे नाव धारण केले होते.

व्यंकोजीराजांचे पुत्र दुसरे शहाजी १६८४ मध्ये तंजावरच्या गादीवर आले. १६९३ मध्ये त्यांनी हे गाव सुमारे पंचेचाळीस विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याचे ‘शाहजीराजपुरम्’ असे नामकरण झाले. ‘जानकीपरिणय’ नाटकाचे कर्ते रामभद्र दीक्षित येथलेच. राजाच्या गौरवार्थ ‘शाहेन्द्रविलास’ काव्य रचणारे श्रीधर वेंकटेश अय्यावाळही येथलेच. राजा मराठी, प्रजा तमिळ, दरबारी नाटकांची भाषा तेलुगू आणि पंडितांची संस्कृत, असा तो काळ होता.

भोसले ज्या मुलखातून आले तेथील जमीन लाव्हारसाच्या काळ्या कातळाची. तेथील शेती मुख्यतः पावसावर आणि विहिरीवर चालणारी. कावेरीच्या गाळाच्या सपाटीवर सारेच निराळे. येथे एका गावाचे पाणी दुसऱ्या गावाच्या शिवारातून येते. वरच्या गावाने कालवा उपसला नाही तर खालच्या गावाचे भात करपते. म्हणूनच कालव्यांच्या दुरुस्तीसाठी गावाने सामुदायिक श्रम देण्याची ‘कुडिमरामत्तु’ ही प्रथा येथे रूढ होती. मराठी राज्यकर्त्यांनी ही घडी मोडली नाही. नव्या प्रदेशात आलेल्या प्रशासकाने पहिल्याच दिवशी सुधारणेचा हुकूम काढू नये, हा धडा आमच्या पिढीलाही गिरवावा लागला आहे.

आता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न. राजाने गाव दिले म्हणजे नेमके काय दिले? तमिळ प्रदेशात पिकाचे दोन भाग मानले जात : ‘मेलवारम’ म्हणजे वरचा, सरकारचा वाटा आणि ‘कुडिवारम’ म्हणजे कसणाऱ्या बाजूचा वाटा. गाव इनाम देताना राजा साधारणतः आपला वरचा वाटा सोडून देई. आजच्या अर्थसंकल्पाच्या परिभाषेत हा ‘सोडून दिलेला महसूल’. खजिन्यातून एक होनही बाहेर न काढता विद्येला कायमचे अनुदान मिळे. युक्ती उत्तम होती आणि तिचे फळही उत्तम मिळाले. तेथे लिहिले गेलेले ग्रंथ आजही वाचले जातात.

परंतु चिखलात उभे राहून रोप लावणाऱ्याच्या दृष्टीने काय बदलले? वाटा घेणारा बदलला. वाटा देणे सुटले नाही. तंजावर जिल्ह्यात जमिनीचे हक्क मिरासदारांकडे होते. मिरासदार हा शब्द आपल्याला परका नाही. त्यांच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले ‘पण्णैयाळ’ राबत, आणि त्यांत बहुसंख्य अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे होते. दानपत्राच्या शाईत पंडितांची नावे आली, राबणाऱ्यांची नाहीत.

१७९९ मध्ये कारभार कंपनीकडे गेला, १८५५ मध्ये तंजावरची गादीच खालसा झाली, तरी शेतातली ही रचना टिकून राहिली. कायद्याने तिच्यात हात घातला तो १९५२ मध्ये. तंजावरची कुळे व पण्णैयाळ यांच्या संरक्षणासाठी त्या वर्षी झालेल्या कायद्याने कुळाला पिकाचा दोन पंचमांश वाटा दिला. १९५६ च्या उचित खंडाच्या कायद्याने ओलिताच्या जमिनीत मालकाचा हिस्साच चाळीस टक्क्यांवर आणला. १९६३ मध्ये इनामे नष्ट करणारे कायदे आले. तरीही २५ डिसेंबर १९६८ रोजी, तेव्हाच्या याच जिल्ह्यात, कीळवेण्मणी येथे मजुरीच्या वादातून चव्वेचाळीस दलित जाळून मारले गेले. त्यात स्त्रिया व मुलेच बहुसंख्य होती. शेतमजुरांच्या उचित वेतनाचा कायदा त्यानंतर, १९६९ मध्ये झाला. कागद आणि शेत यांच्यातले अंतर किती असते, हे आपल्या व्यवसायातील माणसाने विसरू नये.

तिरुविशनल्लूरची एक आख्यायिका आहे. अय्यावाळांच्या घरी श्राद्ध होते. दारी एक भुकेला अस्पृश्य आला आणि त्यांनी ब्राह्मणांसाठी रांधलेले अन्न त्याला वाढले. ब्राह्मणांनी भोजन नाकारले आणि प्रायश्चित्त म्हणून गंगास्नान सांगितले. अय्यावाळांनी गंगेची प्रार्थना केली, तेव्हा घरच्या विहिरीतच गंगा उसळली. कार्तिकै महिन्याच्या अमावास्येला त्या विहिरीवर स्नानासाठी आजही गर्दी लोटते.

मी गेलो त्या दिवशी गर्दी नव्हती. विहिरीपाशी उभा असताना मनात आले की इतिहासकाराने येथे चमत्कार शोधू नये. गावाच्या स्मृतीने राजाचे दानपत्र बाजूला ठेवले, राजाने दिलेले नावही टाकून दिले आणि एका पंगतीची आठवण तीनशे वर्षे जपली. दानपत्रात ज्याला जागा नव्हती, तो भुकेला माणूस या कथेच्या मध्यभागी आहे. त्याचे नाव मात्र कथेलाही ठाऊक नाही.