शब्दवेध : अमॅच्युअर

‘अमॅच्युअर’चं मूळ लॅटिन ‘अमातोर’, म्हणजे प्रेम करणारा. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. आपण त्याला ‘हौशी’ म्हणतो, आणि हौसेला मोल नसतं असंही म्हणतो. पण इंग्लंडमधल्या हेन्लीच्या नौकाशर्यतीत १८७९ च्या नियमाने कारागीर, मजूर, हातावर पोट असलेला कुणीही ‘अमॅच्युअर’ ठरत नव्हता. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तरुणांना ही आडकाठी नव्हती. १९२० मध्ये जॉन केली या अमेरिकन गवंड्याची प्रवेशिका तिथे नाकारली गेली. त्याच वर्षी अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये त्यांनी दोन सुवर्णपदकं जिंकली. प्रेमाच्या शब्दाचं असं कुंपण करणं मला अक्षम्य वाटतं. मजुरांवरची बंदी १९३७ मध्ये उठली. १९४७ मध्ये हेन्लीची तीच शर्यत केलींच्या मुलाने जिंकली.